टिक भलत्याच ओळीवर का उमटते? रिसायकलरव्ह्यूमध्ये ओळींची स्टेट सांभाळण्याची पद्धत, टप्प्याटप्प्याने

किराणा ऑर्डरच्या यादीत तिसऱ्या ओळीतल्या गुळावर टिक केली, यादी सरकवली, आणि सतराव्या ओळीतल्या साबुदाण्यावरही टिक दिसली. परत वर आलं तर गुळावरची टिक गायब. अँड्रॉइडवर रिसायकलरव्ह्यू (थोड्याच ओळी फिरवून वापरत लांब यादी दाखवणारं साधन) वापरणाऱ्या बहुतेकांना हे दुखणं कधी ना कधी भेटतं. त्यावर इकडून-तिकडून सापडलेली एखादी ओळ चिकटवली की टिक जागेवर येते. मग काही दिवसांनी गुळाचे किलो साबुदाण्याच्या रकान्यात दिसायला लागतात.

चूक बहुधा कोडच्या एखाद्या ओळीत नसते, कामाच्या क्रमात असते. स्टेट (ओळीची त्या क्षणाची अवस्था: टिक आहे का, काय लिहिलंय) कुठे ठेवायची हे ठरण्याआधीच लोक लिसनर (टिक किंवा स्पर्श झाला की चालणारा कोड) लिहायला बसतात. खालचे टप्पे म्हणूनच दिलेल्या क्रमाने करा. उदाहरण सगळीकडे तेच आहे: किराणा ऑर्डरची यादी. प्रत्येक ओळीत चित्र, नाव, चेकबॉक्स, किती किलो हवं ते लिहायचा रकाना आणि उघडझाप होणारा तपशील. काही ओळींवर सवलत संपायला उरलेला वेळही आहे.

## आधी एवढं डोक्यात पक्कं हवं

यादीत ५०० वस्तू असल्या तरी ओळीचे व्ह्यू ५०० बनत नाहीत. स्क्रीनवर ९ ओळी मावत असतील, तर त्या ९ आणि वर थोडे राखीव, एवढेच व्ह्यूहोल्डर (एकेका ओळीचे व्ह्यू धरून ठेवणारे ऑब्जेक्ट) बनतात आणि तेच फिरत राहतात. फिरताना ते दोन वेगळ्या ठिकाणी जातात, आणि सगळा घोळ या दोन ठिकाणांतला फरक न कळल्याने होतो.

स्क्रीनबाहेर गेलेली ओळ आधी एका छोट्या कॅशमध्ये जाते. तिथे मुळात २ ओळींची जागा असते, शिवाय पुढची ओळ आगाऊ तयार ठेवण्यापुरती थोडी वाढीव. या कॅशमधली ओळ त्याच पोझिशनसाठी परत हवी झाली तर ती आहे तशी उचलून लावली जाते. ऑनबाइंडव्ह्यूहोल्डर (होल्डरमध्ये वस्तूची माहिती भरणारं फंक्शन, पुढे नुसतं ऑनबाइंड) पुन्हा चालतच नाही. कॅश भरली की सगळ्यात जुनी ओळ पूलमध्ये ढकलली जाते. पूलमध्ये प्रत्येक व्ह्यूटाइपचे (ओळीच्या प्रकाराचे) मुळात ५ होल्डर मावतात. पूलमधला होल्डर कोणत्याही वस्तूसाठी वापरला जाऊ शकतो, आणि तेव्हा ऑनबाइंड चालतो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली: पूलमधून आलेल्या होल्डरवर मागच्या वस्तूचं सगळं तसंच चिकटलेलं असतं. टिक, रंग, खोडलेली अक्षरं, सगळं. दुसरी: ओळ दिसली की ऑनबाइंड चालतोच, हे गृहीत चुकीचं आहे.

## तयारी: दुखणं हमखास दिसेल अशी सोय करा

दोन ओळी खाली-वर करून सगळं ठीक चालतंय असं वाटतं, कारण त्या दोन ओळी कॅशमधून जशाच्या तशा परत येतात. म्हणून आधी चाचणीची मांडणी करा:

- यादीत निदान ६० वस्तू भरा आणि नावातच क्रमांक घाला: "०१ गूळ", "०२ तूरडाळ". भलती ओळ लगेच ओळखू येते.
- फक्त डीबग बिल्डमध्ये सेटआयटमव्ह्यूकॅशसाइझला ० द्या. बाहेर गेलेली ओळ बहुधा थेट पूलमध्ये जाईल आणि लपलेल्या चुका पहिल्याच स्क्रोलला बाहेर येतील.
- ऑनक्रिएटव्ह्यूहोल्डर (नवा होल्डर बनवणारं), ऑनबाइंड आणि ऑनव्ह्यूरिसायकल्ड (होल्डर पूलमध्ये जाताना चालणारं) या तिन्ही फंक्शनांत लॉग टाका. प्रत्येक लॉगमध्ये होल्डरचा हॅशकोड आणि वस्तूचा आयडी दोन्ही हवेत. एकच होल्डर किती वस्तूंसाठी राबतोय ते डोळ्यांनी दिसतं.

तपासा: वेगाने शेवटपर्यंत आणि परत वर स्क्रोल करा. ऑनक्रिएटचे लॉग सुरुवातीला येऊन थांबले पाहिजेत. प्रत्येक स्क्रोलला नवे येत राहिले तर ओळी परत वापरल्याच जात नाहीत. ते आधी शोधा (शेवटून तिसरा भाग पाहा), मगच पुढे जा.

## टप्पा १: ओळीतल्या प्रत्येक गोष्टीचा मालक ठरवा

कागद घ्या आणि ओळीत जे जे बदलू शकतं ते लिहून काढा. आपल्या यादीत चार प्रकार पडतात.

नाव, भाव, चित्राचा पत्ता ही मूळ माहिती. ती डेटाबेस किंवा सर्व्हरची.

टिक, लिहिलेले किलो, तपशील उघडा की बंद, ही वापरणाऱ्याची स्टेट. ती स्क्रोल, सॉर्ट, स्क्रीन आडवी करणं या सगळ्यांतून टिकायला हवी. तिची जागा व्ह्यूमॉडेलमध्ये (स्क्रीनची माहिती सांभाळणाऱ्या क्लासमध्ये). होल्डरमध्ये नाही आणि अडॅप्टरमध्येही (माहिती ओळींपर्यंत पोचवणाऱ्या दुव्यात) नाही. अडॅप्टरमध्ये ठेवली तर स्क्रोलपुरती चालते, पण स्क्रीन फिरवली की अडॅप्टर नवा आणि टिका गेल्या.

फोकस, दाबल्यावर उमटणारी लहर, अर्धवट चाललेलं अॅनिमेशन ही क्षणिक स्टेट. ती व्ह्यूकडेच राहू द्या, मात्र ओळ दुसऱ्या वस्तूला देताना ती पुसायची जबाबदारी तुमची.

चौथा प्रकार चालू असलेलं काम: चित्र डाउनलोड होतंय, घड्याळ उलटं मोजतंय. हे होल्डरच्या येण्याजाण्याला बांधायचं असतं.

सगळ्यात जास्त घोळ दुसऱ्या प्रकारात होतो, कारण चेकबॉक्स आणि लिहायचा रकाना आपापली स्टेट स्वतःजवळ ठेवल्याचा आभास निर्माण करतात. ठेवतातही. फक्त ती त्या व्ह्यूची असते, गुळाची नसते.

## टप्पा २: वस्तूची ओळख पोझिशनने नाही, आयडीने

जुन्या उदाहरणांत निवडलेल्या पोझिशन स्पार्सबूलियनअॅरेमध्ये ठेवलेल्या दिसतात. यादी कधीच बदलणार नसेल तर हे चालतं. पण एक वस्तू काढली, भावानुसार सॉर्ट केलं किंवा शोधचौकटीत "डाळ" लिहिलं, की तिसऱ्या जागी दुसरंच काहीतरी येतं आणि टिक त्याच्या गळ्यात पडते. निवड ठेवायची ती आयडींच्या सेटमध्ये. किलो आणि उघडझाप आयडीवरून शोधता येणाऱ्या मॅपमध्ये.

आयडी सर्व्हरकडून येत नसेल तर वस्तू यादीत प्रथम येते त्याच क्षणी यूयूआयडी (दुसऱ्या कशाशी न जुळणारी ओळख) तयार करून तिला कायमचा जोडा. नावावरून आयडी बनवू नका: "गूळ १ किलो" दोनदा असू शकतो. आयडी ऑनबाइंडमध्ये तयार करणं तर त्याहून वाईट; दर स्क्रोलला ओळख बदलेल.

सावधान: सेटहॅजस्टेबलआयडीज (प्रत्येक ओळीला कायमचा आयडी आहे असं सांगणारं फंक्शन) वापरणार असाल तर अडॅप्टर यादीला जोडण्याआधी ते चालू करा. गेटआयटमआयडीमधून स्ट्रिंगचा हॅशकोड परत देऊ नका. दोन वेगळ्या स्ट्रिंगचा हॅशकोड सारखा येऊ शकतो, आणि दोन होल्डरचा स्थिर आयडी एकच निघाला तर अॅप कोसळू शकतं. डिफयुटिल (जुन्या-नव्या यादीतला फरक काढणारं साधन) आणि लिस्टअडॅप्टर (तो फरक स्वतः लागू करणारा अडॅप्टर) वापरत असाल तर बहुतेक वेळा स्टेबल आयडीची गरजच पडत नाही.

## टप्पा ३: ओळीचं मॉडेल बनवा, आणि ते बदलू नका

व्ह्यूमॉडेलमध्ये मूळ माहिती आणि वापरणाऱ्याची स्टेट एकत्र करून प्रत्येक ओळीसाठी एक डेटा क्लास तयार करा: आयडी, नाव, भाव, निवडलेलं आहे का, किलोचा मजकूर, तपशील उघडा आहे का. यातलं प्रत्येक फील्ड व्हॅल (न बदलणारं) असू द्या, व्हार (बदलता येणारं) नको.

ही शैलीची आवड नाही. समजा "निवडलेलं" हे व्हार आहे आणि तुम्ही यादीतल्याच वस्तूवर ते बदलून सबमिटलिस्टला नवी यादी दिलीत. जुन्या आणि नव्या यादीत वस्तू तीच एक आहे. डिफयुटिल जुन्याची नव्याशी तुलना करतो, म्हणजे वस्तूची स्वतःशीच, आणि काही बदललं नाही असं सांगतो. स्क्रीन हलत नाही. मग वैतागून नोटिफायडेटासेटचेंज्ड (सगळी यादीच बदलली असं सांगणारी हाक) लावलं जातं, आणि पुढचे सगळे टप्पे वाया जातात.

त्याचंच भावंड: म्यूटेबल यादीत भर घालून तीच यादी पुन्हा सबमिटलिस्टला देणं. यादीचा ऑब्जेक्ट तोच असेल तर लिस्टअडॅप्टर काहीही न करता परत फिरतो. दर वेळी कॉपीने नवी वस्तू आणि टूलिस्टने नवी यादी द्या.

तपासा: एक टिक करा आणि व्ह्यूमॉडेलमधून निघालेली यादी लॉग करा. ती बरोबर असेल आणि स्क्रीन चुकीची असेल तर दोष पुढच्या टप्प्यांत आहे. यादीच चुकीची असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: ऑनबाइंडमध्ये प्रत्येक इफला एल्स

नियम एकच: ऑनबाइंड संपल्यावर ओळ कशी दिसते हे फक्त मॉडेलवरून ठरलं पाहिजे, होल्डर आधी कुणाचा होता यावरून नाही. "साठा संपला तर नाव राखाडी करा" एवढंच लिहिलं तर ती राखाडी पुढे कुठल्याही ओळीला लागते. साठा असेल तर काळं करा, हेही लिहावं लागतं.

रंग आणि व्हिजिबिलिटी सहसा आठवतात. विसरतात ते हे:

- खोडलेली अक्षरं. पेंटफ्लॅग्जमध्ये रेघ लावताना ऑर करता, तशी काढताना तिच्या उलट्याशी अँड करायला हवी.
- चित्र नसलेली वस्तू. पत्ता असला तर ग्लाइड (चित्रं आणून लावणारी लायब्ररी) आधीची विनंती स्वतः रद्द करतो. पत्ता नसला आणि तुम्ही ग्लाइडला हाकच मारली नाही, तर जुनं चित्र राहतं, किंवा अर्ध्या सेकंदाने येऊन बसतं. एल्समध्ये क्लिअर करा आणि कोरी चौकट लावा.
- बाजूला सरकवलेली ओळ. स्वाइपनंतर राहिलेलं ट्रान्सलेशनएक्स आणि अल्फा मूळ किमतीवर आणा.
- रकान्यावरची चूक-सूचना आणि कंटेंटडिस्क्रिप्शन. दुसरी गोष्ट स्क्रीनवर दिसत नाही, त्यामुळे टॉकबॅक (स्क्रीन वाचून दाखवणारी सोय) वापरणाऱ्याला भलत्याच वस्तूचं नाव ऐकू येतं आणि तुम्हाला पत्ता लागत नाही.

चेकबॉक्सचा क्रम वेगळा लिहितो, कारण इथे एक पायरी मागेपुढे झाली की डेटाच बिघडतो:

१. आधी सेटऑनचेक्डचेंजलिसनरला नल द्या.
२. मग इजचेक्ड मॉडेलप्रमाणे ठेवा.
३. जंपड्रॉएबल्सटूकरंटस्टेट हाक मारा. नाहीतर स्क्रोल करताना टिका उमटण्या-पुसण्याचं अॅनिमेशन ओळीओळीवर चालताना दिसतं.
४. शेवटी लिसनर परत लावा.

पहिली पायरी वगळली तर कोडने लावलेली टिकही वापरणाऱ्याची टिक समजली जाते. जुना लिसनर अजून गुळाच्या नावाने बसलेला असतो, ओळ साबुदाण्यासाठी बाइंड होताना इजचेक्ड बदलतं, आणि गुळाची निवड आपोआप रद्द होते. लेखाच्या सुरुवातीची गायब टिक बरेचदा हीच. त्यातून लिसनरमध्ये नोटिफायची हाक असेल तर यादीची मांडणी चालू असतानाच ती होते आणि इल्लिगलस्टेटएक्सेप्शन येतं.

काही जण चेक्डचेंज सोडून साधा क्लिकलिसनर लावतात. चेकबॉक्ससाठी ते उत्तम, तो फक्त बोटाने दाबल्यावरच चालतो. स्विचसाठी नको. स्विच बोटाने ओढूनही फिरवता येतो, आणि ओढण्याला क्लिक धरलं जात नाही.

## टप्पा ५: लिसनर एकदाच, पोझिशन ऐन वेळी

क्लिकलिसनर ऑनक्रिएटव्ह्यूहोल्डरमध्ये एकदाच लावा. दाबलं जाईल त्या क्षणी बाइंडिंगअडॅप्टरपोझिशन विचारा, ती नोपोझिशन म्हणजे -१ नाही ना ते पाहा, आणि वस्तूचा आयडी व्ह्यूमॉडेलकडे पाठवा. ऑनबाइंडला मिळालेली पोझिशन लिसनरच्या आत पकडून ठेवू नका. वरची एक वस्तू काढली की खालच्या ओळी पुन्हा बाइंड न होता नुसत्या वर सरकतात, आणि पकडलेली पोझिशन एकाने चुकते. मग "काढा" दाबल्यावर शेजारची वस्तू जाते.

जुनं गेटअडॅप्टरपोझिशन आवृत्ती १.२.० पासून डेप्रिकेटेड (यापुढे वापरू नये असं जाहीर केलेलं) आहे. कॉनकॅटअडॅप्टरने दोन याद्या जोडल्या असतील तर आपल्या यादीतली जागा बाइंडिंगअडॅप्टरपोझिशन सांगते आणि एकूण यादीतली अॅब्सोल्यूटअडॅप्टरपोझिशन. दोन्हींची अदलाबदल झाली तर वर मथळ्याची एक ओळ जोडेपर्यंत काहीच कळत नाही.

एक बारीक सापळा. वापरणाऱ्याने टिक केली, पण व्ह्यूमॉडेलने ती नाकारली. समजा एका ऑर्डरमध्ये २० च वस्तू चालतात. चेकबॉक्सने तर स्वतःवर टिक आधीच उमटवलेली आहे. मॉडेल बदललेलं नाही, म्हणून डिफयुटिलच्या दृष्टीने काही घडलेलंच नाही, आणि खोटी टिक स्क्रीनवर राहते. नकार मिळाला तर ती ओळ नोटिफायआयटमचेंज्डने मुद्दाम पुन्हा बाइंड करा.

### लिहायचा रकाना: याला वेगळा वेळ द्या

सेटऑनक्लिकलिसनर जुना लिसनर काढून नवा लावतो. अॅडटेक्स्टचेंज्डलिसनर मात्र नावाप्रमाणे भर घालत जातो. ऑनबाइंडमध्ये टेक्स्टवॉचर (मजकूर बदलला की चालणारा लिसनर) जोडलात तर दहा वेळा फिरलेल्या होल्डरवर दहा वॉचर बसतात, आणि एका अक्षराने दहा वस्तूंचे किलो बदलतात.

वॉचर ऑनक्रिएटमध्ये एकच जोडा. होल्डरमध्ये "सध्या कुठला आयडी" हे एक फील्ड ठेवा आणि "बाइंड चालू आहे" हा एक झेंडा. ऑनबाइंडमध्ये झेंडा वर करा, आयडी बदला, मजकूर लावा, झेंडा खाली करा. वॉचर झेंडा वर असताना गप्प राहील. मजकूर लावताना आधीचा तोच असेल तर सेटटेक्स्ट करूच नका, नाहीतर लिहिता लिहिता कर्सर सुरुवातीला उडी मारतो.

मसुदा प्रत्येक अक्षरागणिक साठवा, फोकस गेल्यावर नाही. लिहिणारी ओळ स्क्रीनबाहेर गेली की फोकस जाण्याची सूचना येते खरी, पण तोवर होल्डरची पोझिशन नोपोझिशन झालेली असू शकते आणि लिहिलेलं हवेत विरतं. त्यासाठीच ते आयडीचं फील्ड.

साठवायचा तो मजकूर, आकडा नाही. "१." लिहून पुढचा ५ टाकायच्या आत तुम्ही त्याचा आकडा करून परत लावलात तर बिंदू नाहीसा होतो. आकडा ऑर्डर पाठवताना करा. मराठी कीबोर्डवाल्यांसाठी इथे एक खास खड्डा आहे: पूर्णांक वाचताना टूइंटऑरनल देवनागरी "१२" नीट वाचतो, पण दशांशाचं "१.५" टूडबलऑरनलला वाचता येत नाही आणि नल मिळतो. देवनागरी अंक आधी इंग्रजी अंकांत बदला. उलट बाजूने, लोकॅल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) मराठी ठेवून आकड्याचा मजकूर तयार केलात तर तो "१२" असा निघतो. रकान्यात वापरणाऱ्याने इंग्रजी अंक लिहिले असतील तर "मजकूर तोच आहे का" ही तुलना दर वेळी फसते आणि कर्सर पुन्हा उड्या मारतो. मसुदा जसा लिहिला तसाच ठेवला की हा प्रश्न येत नाही.

तपासा: पाचव्या ओळीत "२.५" लिहा, कीबोर्ड उघडा ठेवून शेवटपर्यंत जा, परत या. पाचव्या ओळीत "२.५", बाकी सगळ्या रिकाम्या.

## टप्पा ६: बदल तेवढाच कळवा

लिस्टअडॅप्टरमध्ये दोन तुलना असतात आणि त्यांचे अर्थ गल्लत होण्याइतके जवळचे वाटतात. एरआयटम्सदसेम म्हणजे वस्तू तीच का. तिथे फक्त आयडी (ओळींचे प्रकार अनेक असतील तर प्रकारही). एरकंटेंट्सदसेम म्हणजे ती दिसायला तशीच का. तिथे पूर्ण मॉडेल. पहिलीत पूर्ण मॉडेल टाकलं तर टिक करताच जुनी ओळ निघून नवी आल्याचं अॅनिमेशन दिसतं.

टिक केल्यावर ओळ क्षणभर लुकलुकते, ते मुळातल्या आयटमअॅनिमेटरमुळे. बदलासाठी तो दुसरा होल्डर घेऊन दोघांना एकमेकांत विरघळवतो. किलो लिहिताना असं झालं तर फोकसही जातो. उपाय पेलोड (नेमकं काय बदललं ते सांगणारी चिठ्ठी): गेटचेंजपेलोडमधून "फक्त निवड बदलली" असं काहीतरी नल नसलेलं परत द्या. मग तोच होल्डर राहतो, आणि तीन पॅरामीटरच्या ऑनबाइंडमध्ये तेवढाच चेकबॉक्स बदलता येतो.

पेलोडची यादी रिकामी आली तर पूर्ण बाइंड करा. एकाहून अधिक आले तर सगळे लागू करा, फक्त पहिला नाही. आणि पेलोडवर विसंबून पूर्ण ऑनबाइंडमधून काही वगळू नका, कारण ओळ स्क्रीनवर नसेल तर पेलोड टाकून दिला जाऊ शकतो.

तपासा: एक टिक, लॉगमध्ये एकच बाइंड. सगळ्या दिसणाऱ्या ओळी बाइंड झाल्या तर कुठेतरी नोटिफायडेटासेटचेंज्ड शिल्लक आहे, किंवा मॉडेलमध्ये दर वेळी बदलणारं काही घुसलंय. लॅम्बडा फील्ड हा नेहमीचा संशयित.

## टप्पा ७: चालू कामं वेळेवर थांबवा

ओळ कॅशमध्ये गेली की ऑनव्ह्यूडिटॅच्डफ्रॉमविंडो चालतो. पूलमध्ये गेली की ऑनव्ह्यूरिसायकल्ड. सवलतीचं उलटं घड्याळ ऑनबाइंडमध्ये सुरू करून ऑनव्ह्यूरिसायकल्डमध्ये थांबवलं तर कॅशमधल्या न दिसणाऱ्या ओळींची घड्याळं चालूच राहतात. म्हणून नुसतं डिटॅचमध्ये थांबवलं, तर ओळ बाइंड न होता परत आली की घड्याळ बंदच राहतं. जोडी नीट लावा: घड्याळ, व्हिडिओ, अॅनिमेशन अटॅचमध्ये सुरू, डिटॅचमध्ये बंद. चित्र आणि मोठ्या वस्तू ऑनबाइंडमध्ये मागवा, ऑनव्ह्यूरिसायकल्डमध्ये सोडा. खरं तर प्रत्येक ओळीला आपलं घड्याळ देण्यापेक्षा व्ह्यूमॉडेलमध्ये एकच ठोका ठेवून दिसणाऱ्या ओळींना पेलोडने कळवणं कितीतरी स्वस्त पडतं.

ओळीतून स्वतः कोरुटीन (पडद्यामागे चालणारं काम) सुरू करत असाल तर त्याचा जॉब होल्डरमध्ये ठेवा, पुढच्या बाइंडच्या पहिल्या ओळीत तो रद्द करा, आणि उत्तर आल्यावर होल्डरचा आयडी अजून तोच आहे का ते पाहूनच दाखवा.

## टप्पा ८: यादीतली आडवी यादी

ओळीत आडवी सरकणारी यादी असेल तर तिची सरकलेली जागाही स्टेटच आहे. ऑनव्ह्यूरिसायकल्डमध्ये आतल्या लेआउटमॅनेजरकडून ऑनसेव्हइन्स्टन्सस्टेट घेऊन बाहेरच्या वस्तूच्या आयडीवर साठवा, बाइंडमध्ये आतल्या यादीला माहिती दिल्यावर परत लावा. साठवलेलं काही नसेल तर मुद्दाम ० वर न्या. हा पुन्हा विसरलेला एल्सच. सगळ्या आतल्या याद्यांना एकच रिसायकल्डव्ह्यूपूल द्या.

## टप्पा ९: स्क्रीन फिरली, प्रोसेस मेली

रिसायकलरव्ह्यू आपल्या ओळींमधल्या व्ह्यूंची स्टेट साठवत नाही. एरवी आपोआप टिकणारा रकाना यादीत आला की टिकत नाही, तो यामुळे.

स्क्रीन फिरण्यातून व्ह्यूमॉडेल वाचतं, प्रोसेस मारली गेली तर नाही. निवडीचे आयडी आणि किलोचे मसुदे सेव्हडस्टेटहँडलमध्ये (प्रोसेस मेली तरी टिकणाऱ्या छोट्या साठ्यात) ठेवा. पूर्ण वस्तू ठेवू नका: बाइंडरची (अॅप आणि सिस्टममधल्या देवाणघेवाणीच्या मार्गाची) जागा प्रोसेसला एकूण १ एमबी असते, आणि मोठी यादी तिथे कोंबली की अॅप बॅकग्राउंडला जाताना कोसळतं. स्क्रोलची जागा परत न येण्याचं कारण बहुधा माहिती उशिरा येणं असतं. अडॅप्टरची स्टेटरिस्टोरेशनपॉलिसी प्रिव्हेंटव्हेनएम्प्टी ठेवा.

नवी यादी आल्यावर, आता अस्तित्वात नसलेले आयडी निवडीतून काढा. नाहीतर वर "३ निवडल्या" आणि खाली दोनच टिका. ही छाटणी पूर्ण यादीशी ताडून करा, शोधलेल्या यादीशी नाही. "डाळ" शोधल्यावर गुळाची टिक पुसली जाणं कुणालाच नको असतं.

तपासा: टिका करा, होमवर जा, एडीबी शेलमधून एएम किल आणि पॅकेजचं नाव द्या, अॅप अलीकडच्या यादीतून उघडा.

## आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

तीन उपाय हमखास सुचवले जातात आणि तिन्ही टाळायचे आहेत.

सेटइजरिसायकलेबल फॉल्स: होल्डर परत वापरलाच जात नाही, म्हणून चूक दिसत नाही. पण दर ओळीला नवा व्ह्यू बनतो, स्क्रोल अडखळतो, आणि ओळ परत आली की टिक गेलेलीच असते, कारण ती कुठे साठवलेली नव्हती. शिवाय त्याचा हिशेब मोजणीने चालतो. दोनदा फॉल्स केलं तर ट्रूही दोनदा लागतं.

गेटआयटमव्ह्यूटाइपमधून पोझिशन परत देणं: प्रत्येक ओळ वेगळ्या प्रकारची ठरते. पूलमध्ये एकमेकांना न चालणारे होल्डर साठत जातात आणि मेमरी फुगते. तयारीतल्या तपासणीत ऑनक्रिएटचे लॉग थांबले नसतील तर आधी हेच शोधा. ते नसेल तर अर्धवट राहिलेलं अॅनिमेशन पाहा. तशी ओळ पूलमध्ये घेतली जात नाही, फेकली जाते. ऑनफेल्डटूरिसायकलव्ह्यूमध्ये अॅनिमेशन रद्द करून ट्रू परत द्या.

सेटआयटमव्ह्यूकॅशसाइझ १०० करणं: चूक १०० ओळींच्या पलीकडे ढकलली जाते, एवढंच.

## दुसऱ्या साधनांत काय वेगळं

कंपोझच्या (अँड्रॉइडवर स्क्रीन बनवायच्या नव्या पद्धतीच्या) लेझीकॉलममध्ये की दिली नाही तर ओळख पोझिशनवरच ठरते, म्हणून आयटम्सला की म्हणून आयडी द्या. तो बंडलमध्ये मावणाऱ्या प्रकारचा हवा. ओळ बाहेर गेली की रिमेंबर विसरतं, रिमेंबरसेव्हेबल टिकतं. तरी निवड व्ह्यूमॉडेलमध्येच बरी. आयओएसवर प्रिपेअरफॉररीयूजमध्ये अल्फा, एडिटिंग, निवड अशा मजकुराशी संबंध नसलेल्या गोष्टीच पूर्ववत करायच्या. मजकूर आणि चित्र सेलफॉररोमध्ये दर वेळी पूर्ण भरायचं. फ्लटरच्या लिस्टव्ह्यूबिल्डरमध्ये बाहेर गेलेली ओळ परत वापरली जात नाही, मोडली जाते. त्यामुळे तिथे टिक भलतीकडे जाण्याऐवजी पुसली जाते.

## शेवटची चाचणी

कॅशसाइझ ० ठेवूनच हा क्रम एका दमात करा. ०३ आणि ०५ वर टिक. ०५ मध्ये "२.५". शेवटपर्यंत स्क्रोल, परत वर. भावानुसार सॉर्ट. ०१ काढा. ०५ च्या रकान्यात बोट ठेवून कीबोर्ड उघडा असतानाच स्क्रीन आडवी करा. "डाळ" शोधा, शोध पुसा. एएम किल, पुन्हा उघडा. ०३ आणि ०५ वर टिक, ०५ मध्ये "२.५", वर "२ निवडल्या". मग कॅशसाइझची ती डीबगची ओळ काढा आणि घड्याळ असलेल्या ओळींसाठी एकदा परत स्क्रोल करून बघा, कारण अटॅच-डिटॅचची चूक कॅश चालू असतानाच दिसते.